मधल्या वयातल्या पऱ्या

गेल्या सुट्टीत भाची राहायला आली होती. पंधरा वर्षांची आहे. तिच्या हातात सतत एक पुस्तक असायचं, करड्या पुठ्ठ्याचं, वर ना नाव ना चित्र. जेवताना ते मांडीवर, झोपताना उशीखाली. "काय वाचतेस गं?" म्हटलं की "काही नाही मावशी, असंच," एवढंच उत्तर यायचं. मग एकदा तिची पिशवी उचलून ठेवताना आतून घडी घातलेला एक कागद बाहेर आला. गुळगुळीत, जांभळा, चंदेरी चमक लावलेला, आणि त्यावर पंख पसरून बसलेली परी. त्या करड्या पुस्तकाचं वेष्टण! तिनं ते स्वतःच काढून, नीट चौपदरी घडी करून, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "वर्गात हसतात गं. म्हणतात, अजून पऱ्याच वाचतेस?" आणि वेष्टण माझ्या हातातून घेऊन तिनं पुन्हा आत सरकवलं. फाडून टाकलं नव्हतं, हे माझ्या मनात अडकून राहिलं. लाज वाटत होती म्हणून काढलं होतं आणि जीव अडकला होता म्हणून सांभाळलं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच मुलीनं एकाच कागदाच्या बाबतीत केल्या होत्या.

जाताना पुस्तक माझ्याकडे ठेवून गेली. "वाच, पण शेवट आधी बघायचा नाही," अशी ताकीद देऊन.

गोष्ट अशी. पंधरा वर्षांची एक मुलगी जिवलग मैत्रिणीशी भांडते आणि रागाच्या भरात बोलून जाते, "आजपासून तुझं तोंड पाहणार नाही." दुसऱ्या दिवशी शाळेत तिला मैत्रिणीचा चेहराच दिसेनासा होतो. केस दिसतात, कान दिसतात, मानेवरचा तीळ दिसतो, चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. जुन्या फोटोंतही तेच. माणसं एकमेकांना जे जे शब्द देतात ते सगळे पऱ्यांच्या दफ्तरात नोंदले जातात, आणि तिथल्या एका नव्या, उत्साही कारकून-परीनं हा शब्द जसाच्या तसा अमलात आणलेला असतो. ही परी वीतभर उंचीची, पंखांवर शाईचे डाग, दमट हवेत सारखी शिंकणारी, नियमांना अतिशय पक्की. दिलेला शब्द मागे घेता येत नाही, ती सांगते, फेडता मात्र येतो. त्यासाठी वर्षभर तोंडून निघालेला प्रत्येक शब्द पाळायचा, कितीही क्षुल्लक असो. झालं, मुलीची "पाच मिनिटांत आले" म्हणायची चोरी होते. "पुन्हा कधीही गणिताचं पुस्तक उघडणार नाही" म्हणता म्हणता ती जीभ चावते, पण अर्धं वाक्य नोंदलं गेलेलं असतं, आणि त्या अर्ध्या वाक्याचा अर्थ काय लावायचा यावर दफ्तरात दोन प्रकरणं वाद चालतो. मी मोठ्यानं हसत होते.

आणि मग मधली काही प्रकरणं येतात. चेहरा दिसत नाही म्हणून ही मुलगी मैत्रिणीचा आवाज ऐकायला लागते. ‘ठीक आहे’ म्हणताना शेवटचं अक्षर कसं आत ओढलं जातं, दप्तर खाली ठेवताना श्वास कसा सुटतो, घरून आलेला फोन घेताना तिचा आवाज एकदम मोठ्या बाईसारखा कसा होतो. भांडण झालं त्या दिवशी समोरची किती थकलेली होती हे तिला आत्ता कळतं, कुणी न सांगता. खांद्यावर कारकून-परी शिंकतच असते. लेखिकेनं एकाही ठिकाणी आवाज चढवलेला नाही, मुलीला रडवलेलं नाही, आणि तरी ती प्रकरणं संपल्यावर मी दिवा तसाच ठेवून बराच वेळ बसून होते.

माझ्याही एका मैत्रिणीनं मला असाच शब्द ऐकवला होता. "तुझ्याशी जन्मात बोलणार नाही." मधल्या सुट्टीत, नळापाशी, ओल्या हातांनी. कारण आठवत नाही. नळाखालच्या शेवाळलेल्या दगडाचा वास आठवतो, तिची सुटलेली एक वेणी आठवते. तिनं शब्द पाळला. पुढं तुकड्या बदलल्या, शाळा संपली. राग माझ्या मनात उरलेला नाही, तिच्याही मनात नसावा. पण कादंबरीतल्या मुलीच्या बरोबर उलट, मला तिचा चेहरा लख्ख आठवतो आणि आवाज अजिबात आठवत नाही. खूप प्रयत्न केला तरी त्या एका वाक्याचासुद्धा सूर ऐकू येत नाही, फक्त शब्द आठवतात. एका हलक्याफुलक्या पुस्तकानं हे मला दाखवून दिलं, आणि ते बरं वाटलं की वाईट, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही.

लहानपणी मी वाचलेल्या पऱ्या अशा नव्हत्या. त्या गोऱ्यापान, मंद हसणाऱ्या, हातात छडी घेतलेल्या. त्यांना स्वतःला काहीच नको असायचं. कुणीतरी दुःखी असेल तिथं यायचं, काहीतरी द्यायचं आणि निघून जायचं, एवढंच त्यांचं काम. म्हणून त्या माझ्या हातून सुटल्या तेव्हा काही तुटल्यासारखं झालंच नाही. ज्यांना काही नको असतं त्यांच्याशी मैत्री कशी होणार? फार पुढं, मोठेपणी, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या जुन्या लोककथा वाचल्या तेव्हा कळलं की मूळच्या पऱ्यांना भरपूर काही हवं असायचं. दूध, गाणं, सुईण, कुणाचं तरी तान्हं बाळ, कुणाचा तरी तरुण मुलगा. त्या टेकड्यांच्या पोटात राहत, गुरं पाळत, उसनं नेत आणि परत करत, अपमान झाला तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवत. बहुतेक जणी माणसाएवढ्या किंवा थोड्या बुटक्या. आणि त्यांना पंख नव्हते. पंख फार उशिरा आले. थॉमस स्टोथर्ड नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९८ साली एका गाजलेल्या काव्यासाठी काढलेल्या चित्रांत त्यातल्या चिमुकल्या हवेतल्या जीवांना फुलपाखराचे पंख दिले. मग एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनी ते इतके पक्के करून टाकले की आज पंख नसलेली परी मुखपृष्ठावर कुणी छापणार नाही. भाचीनं घडी घालून दडवले ते हे पंख.

ॲबरफॉइल नावाच्या स्कॉटिश गावात रॉबर्ट कर्क नावाचे धर्मोपदेशक होते. गावोगावच्या लोकांनी पऱ्यांबद्दल सांगितलेलं ऐकून त्यांनी १६९१ च्या सुमारास एक हस्तलिखित तयार केलं. ते छापलं गेलं १८१५ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. कर्क थट्टा करत नाहीत आणि घाबरवतही नाहीत. एखाद्या शेजारच्या जमातीची माहिती द्यावी तसं लिहितात. पऱ्या म्हणजे माणूस आणि देवदूत यांच्या मधल्या जातीच्या, त्यांचं शरीर दाट झालेल्या ढगाचं असावं असं, आणि त्या दिसायच्या तर संधिप्रकाशात, असं त्यांनी लिहून ठेवलंय. १६९२ मध्ये ते वारले. घराजवळच्या पऱ्यांच्या टेकडीवर ते फिरायला जात असत, त्यामुळे गावकरी म्हणत राहिले की ते मेलेच नाहीत, त्यांना आत नेलं. मला त्यांच्या लिखाणातली ‘मधली’ ही कल्पना फार जवळची वाटते. धड हे नाही, धड ते नाही, उजेड आणि अंधार यांच्या मधल्या वेळेला दिसणारे. पंधराव्या वर्षी माणूस दुसरं काय असतं? घरात पाहुणे आले की मोठ्यांत बसायचं की लहानांत, हे ज्यांचं ठरलेलं नसतं, त्यांना मधल्या जातीच्या जीवांबद्दल वाचावंसं वाटलं तर त्यात मागे राहिल्यासारखं काय आहे?

या गोष्टी नेहमीच निरुपद्रवी होत्या असं मात्र नाही. १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची सव्वीस वर्षांची बाई आजारी पडली. शिवणकाम करून स्वतःचे पैसे मिळवणारी बाई. तिच्या नवऱ्यानं ठरवलं की ही आपली बायको नव्हे, पऱ्यांनी खरीला नेऊन तिच्या जागी दुसरंच कुणी ठेवलंय. त्यानं तिला जाळलं, नातेवाइकांच्या देखत. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. परीकथेचं पुस्तक हातात घेतलं की मला ही बाई आठवतेच, आणि आठवायलाच हवी असं मी मानते. आपलं माणूस बदललं, ओळखू येईना, म्हणजे ते आपलं नव्हेच, ही भीती त्या जुन्या गोष्टींच्या तळाशी होती. माझ्या हातातल्या कादंबरीनं तीच भीती घेतली आहे. कालची जिवलग मैत्रीण आज दिसेनाशी झाली आहे. फक्त इथं मुलगी तिला नाकारत नाही, धुक्याच्या दिशेनं कान करून उभी राहते. जुन्या गोष्टीतले नियम सगळे ठेवायचे आणि त्यातलं विष तेवढं काढून टाकायचं, हे काम हलक्या हातानंच होतं. म्हणून ‘हलकं’ हा शब्द पुस्तकांच्या बाबतीत कुणी नाक मुरडून वापरला की मला राग येतो.

आता कॉटिंग्लीच्या मुली. परीकथांचा विषय निघाला आणि माझं मन तिथं गेलं नाही असं होत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळचं गाव, साल १९१७. एल्सी राइट सोळा वर्षांची, तिची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स नऊ वर्षांची, दक्षिण आफ्रिकेतून नुकतीच आलेली. घरामागं ओढा होता. फ्रान्सिस रोज तिथं जायची, पाय-कपडे भिजवून यायची आणि बोलणी खायची. काय करतेस तिथं सारखी, असं विचारल्यावर तिनं सांगून टाकलं, पऱ्या बघायला जाते. घरचे हसले. एल्सीला ते हसणं सहन झालं नाही. तिला चित्रं छान काढता यायची. एका पुस्तकातल्या आकृत्यांवरून तिनं पऱ्या काढल्या, पुठ्ठ्यावर कापल्या, टोपीच्या लांब पिनांनी ओढ्याकाठच्या झाडोऱ्यात उभ्या केल्या, आणि वडिलांचा कॅमेरा मागून घेऊन फ्रान्सिसचा फोटो काढला. वडिलांचा विश्वास बसला नाही. गोष्ट तिथंच संपायची. पण १९१९ मध्ये एल्सीच्या आईनं गूढविद्येत रस घेणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या एका सभेत फोटोंबद्दल सांगितलं, आणि तिथून ते फिरत फिरत शेरलॉक होम्सचे लेखक सर आर्थर कॉनन डॉयल यांच्यापर्यंत पोचले. १९२० च्या डिसेंबरात त्यांनी ते एका मोठ्या मासिकात छापून जगाला सांगितलं की हा पुरावा आहे. त्यांचा मुलगा १९१८ मध्ये, युद्धातल्या जखमांमधून सावरत असताना, न्यूमोनियानं गेला होता. दिसतं त्याच्या पलीकडं काहीतरी आहे, हे खरं ठरावं अशी त्यांची किती इच्छा असेल.

मला नेहमी दिसतात त्या दोघी. घरच्यांचं हसू थांबवावं एवढाच ज्यांचा हेतू होता. एका दुपारचा खेळ होता तो, आणि अचानक जगप्रसिद्ध लेखकाच्या वतीनं आलेली, कोट घातलेली मोठी माणसं दारात उभी, नवे कॅमेरे हातात देऊन सांगतायत, आणखी काढा. आता खरं सांगितलं तर एवढ्या मोठ्या माणसाची फजिती होणार. त्या गप्प राहिल्या. किती काळ? १९८३ पर्यंत. दोघी म्हाताऱ्या झाल्यावर त्यांनी पुठ्ठा आणि पिना कबूल केल्या. आणि तेव्हाही फ्रान्सिसनं सांगितलं की एकूण पाच फोटोंपैकी पाचवा खरा आहे, त्यातल्या पऱ्या पुठ्ठ्याच्या नाहीत. १९८६ मध्ये ती वारली, तोपर्यंत ती या म्हणण्यावरून हलली नाही.

लोक या प्रसंगाकडे फसवणुकीची गोष्ट म्हणून पाहतात. मी पाहू शकत नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं नऊ वर्षांच्या मुलीची बाजू घेतली, तिला तोंडावर पडू दिलं नाही, आणि मग तो एक दिलेला शब्द दोघींनी साठ-पासष्ट वर्षं सांभाळला, एवढंच मला त्यात दिसतं. कादंबरीतल्या दफ्तरात नोंद व्हावी असा शब्द तो. मोठ्यांनी मात्र त्यांच्यापुढं दोनच दारं ठेवली. हे खरं आहे, जगाला सांगा, नाहीतर हे खोटं आहे, कबूल करा. ओढ्याकाठी बसून पाण्यातल्या उजेडाकडं बघत एखादी गोष्ट मानायची आणि न मानायचीही, यासाठी तिसरं दार कुणी उघडलंच नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ते दार उघडून मागायची गरज नसते, ती आतच असते. सोळा वर्षांच्या मुलीला गरज असते.

१९०४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर आलेल्या एका नाटकात परीचं काम कुणी नटी करत नव्हती. ती फक्त प्रकाशाचा एक ठिपका होती, आरशानं भिंतींवर फिरवलेला. हा ठिपका विझू लागतो तेव्हा प्रेक्षकांना विचारलं जातं, पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. लहान मुलं हात लाल होईपर्यंत वाजवतात. मोठी माणसं डोळ्यांत पाणी आणून वाजवतात, कारण त्यांना आपलं लहानपण आठवत असतं. त्या गर्दीत बसलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी माझ्या डोळ्यांपुढं येते. तिचे हात उचललेले असतात, आणि ती आधी शेजारी बघते.

किशोरांसाठी लिहिलेली परीची कादंबरी या मुलीला हात खाली न घेण्याची सोय करून देते, असं मला वाटतं. तिथं विश्वास आहे का असं कुणी विचारत नाही. नियम सांगतात आणि खेळायला घेतात. आणि ते नियम काय विलक्षण आहेत! त्यांच्या घरचं काही खायचं नाही, खाल्लं की तिथलेच झालात. आपलं खरं नाव सांगायचं नाही. भेट घेतली की देणं लागलं. तिथला थोडा वेळ म्हणजे इथली कित्येक वर्षं. आयर्लंडचा ओशीन घोड्यावर बसून परीच्या देशात गेला, तीन वर्षं झाली असतील असं समजून परत आला तर इकडं तीनशे उलटलेली, आणि जमिनीला पाय लागताच तो जख्ख म्हातारा झाला. लोखंडाला पऱ्या भितात. आणि हल्लीच्या कादंबऱ्यांत हटकून भेटणारा नियम म्हणजे, परीला खोटं बोलता येत नाही. ती फक्त खरं अर्धवट सांगते. हा नियम वाचताना लहान मूल नुसतं चकित होईल. पंधरा वर्षांची मुलगी मात्र अशा माणसांना ओळखते. "बघू नंतर," "सगळं ठीक होईल," "तुझ्या भल्यासाठीच." यातलं एकही वाक्य खोटं नसतं. वाक्यात काय वगळलंय ते शोधायचं शिक्षण तिला त्याच वयात नव्यानं मिळत असतं, आणि परीशी सौदा करणारी नायिका तिच्यापुढं तेच करत असते, प्रत्येक शब्द उलटून, खालून, कडेनं तपासत. कुणाला काय कबूल केलं, कशाला हो म्हणाले, त्या हो मध्ये काय काय आलं, हे विचारायची सवय मुलींना लागावी यासाठी मी याहून चांगली शाळा पाहिलेली नाही.

हल्ली याच विषयावरच्या काळोख्या कादंबऱ्यांना मान आहे. राजदरबार, कट, रक्त, घातकी देखणे राजपुत्र. त्यांच्या मुखपृष्ठांवर काट्यांचे मुकुट असतात आणि ती वेष्टणं कुणी काढत नाही. त्यातल्या काही मला आवडतात. पण काळोख लिहिताना लेखकाला पडदा पाडता येतो, दचकवता येतं. हलक्या पुस्तकात लपायला जागाच नसते. नियम एकदा सांगितला की त्यातून निघणारी प्रत्येक गंमत आणि प्रत्येक दुःख नियमातूनच यायला हवं, एका ठिकाणी जरी लेखिकेनं सोयीसाठी जादू वाकवली तरी पंधरा वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो. या कादंबरीतही एक ठिकाण तसं आहे. साधारण दोन-तृतीयांशावर एक वृद्ध परी येते आणि नायिकेला हवी ती माहिती फुकट सांगून जाते. परीच्या देशात फुकट काहीच नसतं, हे आधीच्या दीडशे पानांत ठासून सांगितल्यावर! भाचीनं तिथं समासात पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

शेवट मात्र लेखिकेनं चुकवलेला नाही. वर्ष सरतं, मैत्रिणीचा चेहरा दिसतो, पण तो वर्षापूर्वीचा नसतो. गालाची हाडं वर आलेली, कपाळावर एक नवा व्रण, डोळ्यांखाली काहीतरी वेगळं. नायिका तिला क्षणभर ओळखत नाही. मग ती बोलते, आणि आवाज ओळखीचा असतो. माफी मागण्याचा प्रसंग लेखिकेनं लिहिलेलाच नाही, आणि ते योग्यच केलं. वर्षभर इतके शब्द मोजून वापरल्यावर त्या मुलीला पुन्हा बोलायला लावणं अन्याय झाला असता. माझी तक्रार फक्त कारकून-परीबद्दल आहे. तिची नायिकेवर माया जडलेली असते हे उघड दिसतं, पण तिनं स्वतः कुणाला काही शब्द दिला होता का, तिचं कुणी दिसेनासं झालंय का, याबद्दल एक ओळही नाही. दफ्तर बंद होतं आणि ती पुढच्या नोंदीकडं वळते. तिच्यासाठी आणखी एक प्रकरण हवं होतं. भाचीचं म्हणणं आहे की एक प्रकरण पुरणार नाही, वेगळं पुस्तकच लागेल, आणि त्यात पंख नसलेल्या जुन्या पऱ्याही आल्या पाहिजेत.